मशीन झोपतं, उठत नाही

"कार्ड परत लावा," ढोबळे मॅडम काचेच्या आतून म्हणाल्या.

मी परत लावलं. दाराशेजारच्या डबीवर लाल दिवा लागला.

"उलटं करून बघा."

उलटं केलं. लालच.

"शर्टाला पुसून लावा. माझं पुसल्यावर लागतं."

पुसलं. डबीला माझ्या स्वच्छतेचं काही कौतुक नव्हतं. शेवटी मॅडमनी आतून स्वतःचं कार्ड टेकवलं, दार उघडलं आणि मी टेस्ट लॅबमध्ये पाऊल टाकलं. त्या कंपनीत सहा वर्षं काढून मी लॅबच्या आत प्रथमच येत होतो. दार पाठीमागे फुस्स करून मिटलं.

"बाहेर जायलाही कार्ड लागतं, ठाऊक आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग आता झालं ठाऊक. बाहेर पडायचं असलं की मला सांगायचं. चहाला, बाथरूमला, कशालाही. संकोच करायचा नाही. मी दोन मुलगे वाढवलेत."

मी फोन काढून एच.आर.च्या डिसिल्वा मॅडमना लावला. डिसिल्वा मॅडमचा आवाज इतका गोड होता, की त्यांच्याकडून नकार घेऊन परतणारा माणूसही जाताना थँक्यू म्हणायचा.

"माझं कार्ड चालत नाहीये," मी म्हणालो.

"कसं चालेल, सबनीस? तुमचा नोटीस पीरियड काल संपला. सिस्टिममध्ये तुम्ही काल गेलात."

"मग मला रिलीव्हिंग लेटर द्या. मी खरोखरच जातो."

"ते चाफेकर सरांनी सोडल्यावर निघतं."

"चाफेकर सर म्हणतात, बग बंद झाल्याशिवाय सोडणार नाही."

"मग करा ना बंद."

"त्याला लॉगिन लागतं. माझं लॉगिन काल बंद झालं."

"बरोबर आहे. कारण काल तुम्ही गेलात." त्या क्षणभर थांबल्या. मनापासून म्हणाल्या, "पुढच्या वाटचालीला शुभेच्छा हं."

"थँक्यू," मी म्हणालो.

तर त्या शुक्रवारी सकाळी परिस्थिती अशी होती, की एच.आर.च्या लेखी मी गेलेलो होतो, चाफेकरांच्या लेखी मी होतो, आणि प्रत्यक्षात बावधनच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एका बिनखिडकीच्या खोलीत उभा होतो, जिथून बाहेर पडायला ढोबळे मॅडमची परवानगी लागत होती.

मला जायचं होतं रत्नागिरीला. वृषाली, म्हणजे माझी बायको, तिथल्या बँकेत होती आणि आमची मुलगी तिच्यापाशी. मी दर शुक्रवारी स्वारगेटहून बस पकडायचो आणि सोमवारी पहाटे परत पुण्यात उतरायचो. मुलीचा असा समज झाला होता, की बाबा हा शनिवार-रविवारचाच प्रकार असतो, सुट्टीसारखा. दोन वर्षं खटपट करून तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला लेक्चररची जागा मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. प्राचार्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "रिलीव्हिंग लेटर हातात असेल तर या. नसेल तर यादीतले दुसरे उमेदवार आहेत." दुसरे उमेदवार संस्थेच्या अध्यक्षांचे भाचेजावई होते. ते आतापासूनच कॉलेजच्या कँटीनमध्ये चहाला येत होते आणि स्टाफ क्वार्टर्सच्या खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवायला टाकले आहेत, असं वृषालीच्या कानावर आलं होतं.

माझ्या आणि त्या पडद्यांच्या मध्ये एक बग उभा होता.

आमची कंपनी स्वस्त लॅपटॉप विकायची. लॅपटॉप तैवानात बनायचे. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही घालायचो, आणि तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो माझ्याकडे होता. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि उघडलं की उठतो, हे आपण गृहीत धरतो. आत मात्र गावाला जाताना घर बंद करण्याइतका व्याप असतो. कर्नल एकेका भागापाशी जातो: वायफाय, तू नीज, आवाज, तू नीज, टचपॅड, तू नीज. उठताना तोच फेरा उलटा. एकेकाला हाक मारायची, त्याने ओ दिली की पुढच्याकडे जायचं. पडद्याची, म्हणजे स्क्रीनची, पाळी आमच्याकडे सगळ्यांत शेवटी. त्यामुळे मधल्या कुणी ओ दिली नाही, तर कर्नल तिथेच अडकतो, पडदा काळाच राहतो, आणि कोण उठलं नाही हे सांगायलाही तोंड उरत नाही. पंखा मात्र फिरत असतो. मेलेल्या माणसाचा श्वास चालू असल्यासारखं ते दिसतं.

हाच तो बग: आमच्या नव्या मॉडेलचं असं होत होतं. नेहमी नाही. शेकडो वेळा मशीन शहाण्यासारखं उठायचं आणि मग एकदा उठायचं नाही. काय होतंय ते बघायला कर्नलकडून सविस्तर नोंदी लिहवून घेतल्या, की व्हायचंच नाही. नोंदी काढल्या की परत व्हायचं. माझ्या टेबलावरच्या मशीनवर ते कधीच झालं नाही. फक्त लॅबमध्ये व्हायचं. आणि लॅबमध्ये डेव्हलपरला मज्जाव होता, कारण ज्याने कोड लिहिला त्याने तपासणीत लुडबुड करू नये, असा चाफेकरांचा नियम होता. माल जायची वेळ आली, म्हणून आज पहिल्यांदाच त्यांनी मला आत बसायला सांगितलं होतं.

यावर एक जुनी युक्ती असते, ती मी केली होती. झोपेतून उठताना मशीनकडे पडदा नसतो, डिस्क नसते, काही नसतं. असतं फक्त घड्याळ, कारण त्याला स्वतःचा सेल असतो. म्हणून कर्नल एकेकाला हाक मारण्याआधी त्याची खूण घड्याळात लिहून ठेवतो. तारीख-वार पार बिघडतात, पण मशीन मेलं तर शेवटची हाक कुणाला मारली होती ते त्या बिघडलेल्या तारखेत राहतं. मशीन लगेच परत चालू केलं, की कर्नल घड्याळ वाचतो आणि सांगतो, की मी अमक्यापाशी अडकलो होतो. ढोबळे मॅडम मशीन अडकलं की तसं चालू करायच्या आणि त्याची नोंद मला मेलने पाठवायच्या. प्रत्येक मेलमध्ये एकच उत्तर: खूण सापडली नाही. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला होता, की मशीन कर्नलपर्यंत पोचण्याआधीच मरतंय, म्हणजे दोष तैवानचा. तैवानवाले रोज अत्यंत नम्रपणे कळवत होते, की दोष आमचा नाही. माझा सगळा नोटीस पीरियड या नम्रतेत गेला होता.

"बसा," मॅडमनी एक स्टूल सरकवलं. "फक्त कशाला हात लावू नका. तुम्ही डेव्हलपर."

"मी काल गेलो, मॅडम. आता मी कुणीच नाही."

"मग तर मुळीच लावू नका."

लांब टेबलावर वीस लॅपटॉप ओळीने मांडले होते. मॅडम एका टोकापासून झाकणं मिटत जायच्या, दुसऱ्या टोकाला पोचल्या की वळून उघडत यायच्या. हे काम करणारा यंत्राचा हात कंपनीने मागवला होता. त्याची मंजुरी यायची होती. तोवर मॅडम. कोकणात अंगणात घातलेली आमसुलं उलटावीत तशा त्या सराईतपणे चालल्या होत्या आणि शेजारी मोबाइलवर कुणाच्या तरी कुळाचाराबद्दलचं भाषण लावलेलं होतं.

थोड्या वेळाने चाफेकर आले. रघुवीर चाफेकर, आमचे डायरेक्टर. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे. त्यांचं कार्ड डबीने पुसल्याशिवाय ओळखलं. कंपनीत कुणी काहीही चांगलं केलं, की त्यावर पहिलं नाव चाफेकरांचं लागायचं आणि करणाऱ्याचं 'व इतर' मध्ये जायचं. माझी दोन पेटंटं त्यांच्या नावावर होती. त्याबद्दल मी कधी बोललो नव्हतो. समुद्राने भरती का आणली, असं कोण विचारतं.

"काय म्हणतंय तैवान?" त्यांनी विचारलं.

"आदर व्यक्त करतंय."

"सबनीस, मला तुम्हाला अडवून धरायची हौस नाही. पण ग्राहकाला मंगळवारी माल जायचाय. आज बग बंद करा, आज सही करतो."

"आणि आज नाही सापडला तर?"

"तर सोमवारी या."

"सोमवारी मला रत्नागिरीला रुजू व्हायचंय, सर."

"मग आज सापडलेला बरा," चाफेकर म्हणाले आणि गेले. ते बोलण्यात कधी कठोर नसायचे. कठोरपणा सगळा त्यांनी नियमांत घालून ठेवला होता.

दुपारपर्यंत काही झालं नाही. वीसच्या वीस लॅपटॉप शिस्तीत झोपत होते, शिस्तीत उठत होते. मला एकदा चहाला सोडण्यात आलं आणि परत घेण्यात आलं. वृषालीचा फोन आला.

"सुटलास?"

"अजून नाही."

"इथे पडदे आले म्हणे शिवून. मोतिया रंगाचे."

"छान दिसतील," मी म्हणालो.

"चावटपणा पुरे. लेकीने तुझ्यासाठी पाटी केलीय. दारावर लावायला. सबनीस सर, असं लिहिलंय आणि खाली वेळ टाकलीय, रोज."

फोन ठेवला आणि तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सात नंबर गेला."

मी उठून पाहिलं. सात नंबरचं झाकण उघडं, पडदा काळा, पंखा चालू. इतके दिवस ज्याची फक्त मेलमधून ओळख होती, तो असा समोर बसला होता. मॅडमनी मोबाइलवरचं भाषण थांबवलं, बटण दाबून धरून मशीन बंद केलं, परत चालू केलं आणि लगेच एक बोट एका कळीवर टक टक टक टक मारू लागल्या. पडद्यावर निळी चौकट आली. मशीनची अगदी मूळची मांडणी जिथे करतात ती. त्यात त्यांनी खाली-वर करत काहीतरी घातलं, मग पुढे जाऊ दिलं.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"तारीख लावली."

"कसली तारीख?"

"आजची. अडकलं की मशीनची तारीख बिघडते. दरवेळी. मग लावायची."

मी स्टुलावर बसलो. बसल्यावरही आणखी थोडं खाली जायला हवं होतं असं वाटलं.

"काय होती आधी?"

"बघितली नाही बाई. चुकीची तारीख कशाला बघायची?"

"दरवेळी लावता?"

"दरवेळी म्हणजे? नेमच आहे." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे लॅमिनेट केलेला एक कागद होता. चौथं कलम: मशीन पुन्हा सुरू करताना प्रथम दिनांक व वेळ दुरुस्त करावी, व नंतरच पुढील नोंदी घ्याव्यात. खाली चाफेकरांची सही. "मागे ऑडिटवाले आले होते. आपल्या रिपोर्टवर तारीख होती एकोणीसशे त्र्याहत्तर. ते म्हणाले, तुमची कंपनी तेव्हा नव्हती. सरांची फार शोभा झाली. तेव्हापासून हे."

तर असं होतं. मशीन मरताना घड्याळात लिहून ठेवत होतं, की मला कुणी मारलं. आणि ढोबळे मॅडम दरवेळी ऑडिटच्या नियमाप्रमाणे तो मजकूर पुसून त्यावर आजची तारीख घालत होत्या. मग कर्नल उठून घड्याळ वाचायचा आणि प्रामाणिकपणे सांगायचा, की खूण सापडली नाही. आणि मी तैवानला पत्रं लिहायचो.

"मॅडम," मी म्हणालो, "पुढचं अडकलं की तारीख लावू नका."

"नियम आहे."

"एकदाच."

"आणि ऑडिट?"

"ऑडिटला सांगा, सबनीसने सांगितलं."

त्यांनी विचार केला. "तुम्ही काल गेलात ना?"

"हो."

"मग चालेल," त्या म्हणाल्या.

बराच वेळ आम्ही दोघंही वीस झाकणं मिटत-उघडत होतो. हात लावायची बंदी त्यांनी आपण होऊन उठवली. चार वाजायला आले असतील तेव्हा बारा नंबर अडकला. मॅडमनी मशीन बंद करून चालू केलं. त्यांचं बोट सवयीने त्या कळीकडे गेलं. दुसऱ्या हाताने त्यांनी ते धरून ठेवलं. मशीन उठलं. नोंदींमध्ये एक ओळ होती, जी मला सगळ्या नोटीस पीरियडमध्ये दिसली नव्हती. खूण जुळली. टचपॅड.

टचपॅडवर माझा कधी संशयच गेला नव्हता. टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला हाकणारा छोटा प्रोग्रॅम, कंपनीच्या पहिल्या लॅपटॉपपासून तसाच चालत आला होता. घरातल्या देव्हाऱ्यासारखा: कुणी उघडून बघत नाही, फक्त पुढच्या घरी नेतात. मॅडमच्या लॉगिनवर मी तो उघडला. हे नियमाविरुद्ध होतं, पण आता आमची लय लागली होती.

फोन केल्यावर चाफेकर खाली आले आणि माझ्या खांद्यामागे उभे राहिले.

"हे बघा, सर," मी म्हणालो. "या बारा ओळी. टचपॅडला विचारायचं, उठलास का. उत्तर आलं नाही तर परत विचारायचं. नाही आलं, परत. उत्तर येईपर्यंत विचारतच राहायचं. मर्यादाच नाही. नव्या मॉडेलमध्ये टचपॅडची चिप वेगळी आहे. तिला फार लवकर हाक मारली, की कधीमधी ती ओ देत नाही. मग हा जन्मभर विचारत बसतो. मी नोंदी लिहवून घेतल्या, की सगळं जरा हळू होतं, चिपला जागं व्हायला वेळ मिळतो, म्हणून तेव्हा बग दिसत नाही. माझ्या टेबलावर तर नोंदी कायम चालूच असतात, तिथे तो कधी दिसलाच नाही."

चाफेकर पडद्याकडे वाकले.

"कुणी लिहिलंय?" ढोबळे मॅडमनी विचारलं.

"कळायला मार्ग नाही. सर्व्हर बदलला तेव्हा जुन्या सगळ्या कोडवर ॲडमिन हे एकच नाव लागलं," मी म्हणालो. "पण ज्याने लिहिलंय त्याला कधी उत्तर न देणारं माणूस भेटलेलं नसणार."

"लग्न झालेलं नसणार," मॅडम म्हणाल्या.

"नव्हतं झालं," चाफेकर म्हणाले. "पुढच्या मेमध्ये झालं."

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं.

"मी लिहिलंय ते," चाफेकर म्हणाले. "आम्ही तेव्हा चौघेच होतो. एरंडवण्यात, एका डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात." ते पडद्याकडे वाकले होते. "तेव्हाची चिप उत्तर द्यायची, सबनीस. कायम द्यायची. मग उत्तर न देण्याची सोय कशाला ठेवायची?"

"बरोबर आहे, सर."

"उठा जरा."

मी उठलो. चाफेकर स्टुलावर बसले. कंपनीतल्या कुणीही त्यांना कीबोर्डवर मेलखेरीज काही लिहिताना पाहिलं नव्हतं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यांनी विचारण्याला मर्यादा घातली: इतक्यांदा विचार, नाहीच उत्तर आलं तर नोंद कर, पुढे जा आणि सगळे उठल्यावर याला परत विचार.

"सेमिकोलन राहिला," मी म्हणालो.

"दिसतंय मला," ते म्हणाले आणि घातला.

तो बदल सगळ्या मशीनांवर घालून आम्ही तिघं झाकणं उघडू-मिटू लागलो. चाफेकरांनी कोट काढून खुर्चीला लावला. पाच-साडेपाचला कुठेतरी सात नंबरचं झाकण उघडलं, पडदा क्षणभर रेंगाळला आणि उजळला. नोंदीत लिहिलं होतं: टचपॅडने उत्तर दिलं नाही, पुढे गेलो. आणि चार ओळींनंतर: पुन्हा विचारलं, उत्तर आलं.

"झालं," मी म्हणालो. माझी बस सात वाजताची होती.

बग बंद करताना दोषाचं मूळ लिहावं लागायचं आणि त्यात एक रकाना असायचा, चूक कुणाची. आमच्याकडे त्याचा एक प्रघात होता, कुणी न ठरवता पडलेला: नाव नेहमी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं घालायचं. त्याला त्रास होत नाही, इथे कुणाला होत नाही. तळवलकर म्हणून एक जण कॅनडाला गेला होता. तो गेल्यानंतर दीड वर्षात लिहिलेल्या कोडमधल्या चुकाही त्याच्या नावावर होत्या. माझी पाळी आता सुरू होणार, हे मी धरूनच चाललो होतो.

"माझं नाव घाला, सर," मी म्हणालो. "तसंही सोमवारपासून लागणारच आहे."

चाफेकरांनी आधीच टाइप केलं होतं. आर. चाफेकर.

"सर, हे कशाला?"

"कशाला म्हणजे? चूक माझी आहे."

"तुमचं नाव घातलंत तर तुम्हाला बग बंद करता येणार नाही. ज्याची चूक त्याने बंद करायचा नाही, असा नियम आहे. तुमचाच."

"परांजपे करतील."

परांजपे त्यांचे वरिष्ठ. "ते अमेरिकेत आहेत," मी म्हणालो. "बुधवारी येणार."

"मग बुधवारी होईल."

"आणि मंगळवारचा माल?"

"बदल आत गेलाय, माल जाईल. मागे राहतंय ते फक्त कागदोपत्री."

"सर, ते कागदोपत्री मी आहे."

मी आयुष्यात अनेक वरिष्ठांना खरं बोला म्हणून विनवलं आहे. खोटं लिहा म्हणून विनवण्याची ती एकच वेळ.

"म्हणजे मी खोटं लिहू?" ते म्हणाले.

"आपण लिहितोच, सर."

"सबनीस, तुमची ती दोन पेटंटं. माझं नाव पहिलं आहे. त्यातलं मला दुसरं पान कळत नाही." हे ते तक्रारीच्या सुरात बोलले. "बाकीही तसंच. हॉलमध्ये त्या ढाली लावल्यात, त्यातलं मी काय केलंय? सह्या. पहिल्या लॅपटॉपपासून आजपर्यंत मी स्वतः लिहिलेलं, जिवंत राहिलेलं, एवढंच आहे. या बारा ओळी. मला वाटलं होतं, त्याही केव्हाच काढून टाकल्या असतील कुणी."

"पण सर, हा बग आहे."

"असू दे. माझा आहे."

ढोबळे मॅडम एका बाजूने झाकणं मिटत चालल्या होत्या, दिवस संपल्यासारखी.

"सर," त्या न थांबता म्हणाल्या, "त्यांची बायको-पोर तिकडे आहे. जागा गेली तर परत नाही मिळायची. तुमच्या बारा ओळी काय, आता मर्यादा घातलीत ना, चांगल्या वीस वर्षं चालतील."

"त्यांच्या नावावर," चाफेकर म्हणाले.

"चालतील तर खऱ्या."

चाफेकरांनी मागे जाणारी कळ दाबली. एक अक्षर गेलं. ते थांबले, परत दाबली. पूर्ण नाव एकदम काढायची युक्ती त्यांना ठाऊक नसेल असं नाही, पण त्यांनी ते एकेक अक्षर करून काढलं. मग दोन बोटांनी सबनीस असं लिहिलं, बग बंद केला आणि डिसिल्वा मॅडमना फोन लावला. "सोडा त्यांना," एवढंच म्हणाले.

लेटर खाली प्रिंट होऊन त्यांच्या सहीला वर आलं. सही करून त्यांनी ते मला दिलं नाही, धरून ठेवलं.

"एक विचारतो," ते म्हणाले. "नाव आता तुमचं आहे. उद्या इथल्या कुणी फोन करून विचारलं, की एवढी साधी चूक तुम्ही केलीत कशी, तर काय सांगाल?"

मी थोडा विचार केला. बसला अजून अवकाश होता.

"सांगेन, तेव्हाची चिप उत्तर द्यायची."

चाफेकरांनी कागद सोडला.

"द्यायचीच," ते म्हणाले. "कायम द्यायची."